लोआरकाठचा आंबटपणा

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. घरची थॉमसनची बाग, माल युरोपला जाणारा. मणी टपोरा हवा, घडावर डाग नको, गोडी भरलेली हवी, एवढ्यावर आमचं घर चालायचं. द्राक्षं आंबट निघाली की व्यापाऱ्याला भाव पाडायला आयतं निमित्त मिळायचं. पुढे शिकून मी वाइनरीत लागले. फ्रान्समधल्या लोआर नदीच्या खोऱ्यात खुड्याच्या हंगामात राहायची, तिथल्या तळघरातल्या टाक्या घासायची संधी कामाच्या निमित्तानं अधूनमधून मिळत गेली. ओळखीचे लोक विचारतात, बोर्दो सोडून तिकडे कशाला? बोर्दोकडे मोठी नावं आहेत, मोठे भाव आहेत. लोआरकडे आंबटपणा आहे. त्याची किंमत तिथे राबताना जशी कळत गेली तशी खाली लिहिते. क्रम माझ्या सोयीचा.

१. आधी नदी पाहा, मग बाटली

लोआर ही फ्रान्सची सगळ्यांत लांब नदी, हजारेक किलोमीटरची. मध्य फ्रान्सच्या डोंगरांतून निघून ती उत्तरेला जाते, ऑर्लेआंपाशी वळून पश्चिमेची वाट धरते आणि नांत शहर ओलांडून अटलांटिकला मिळते. द्राक्षबागा या वाटेवर तुकड्यातुकड्यांनी पसरल्या आहेत. वरच्या अंगाला सांसेर आणि पुयी, तिथे सोव्हिन्यों ब्लां. मधे तूर शहराभोवतीचा तुरेन, तिथे पांढरी शेनिन ब्लां आणि लाल कॅबर्ने फ्रां. पुढे सोम्यूर आणि आंजू, पुन्हा याच दोन जाती पण जमीन वेगळी. आणि समुद्राच्या तोंडाशी म्युस्कादे. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण बाटलीवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव नसतंच, गावाचं असतं. ‘वूव्रे’ लिहिलंय म्हणजे आत शेनिन, हे गिऱ्हाइकाला माहीत असणारच, असं ती मंडळी धरून चालतात. हा तोरा मला आधी खटकायचा. अजूनही थोडा खटकतो.

हा सगळा पट्टा साधारण ४७ अक्षांशावर येतो. नाशिक २० वर. तिथलं ऊन द्राक्ष जेमतेम पिकवतं. पुढच्या बहुतेक गोष्टी यातूनच निघतात.

२. आंबटपणा हे भांडवल आहे

शेनिन ब्लां ही जात या खोऱ्यातली. आज जगात तिची सर्वांत जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे, आणि नाशिकलाही ती नवी नाही. १९९७ च्या सुमाराला सुलाच्या पहिल्या बागा लागल्या त्या सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिनच्याच. म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या वाइनचा पाया ज्या दोन जातींवर घातला गेला, त्या दोन्ही लोआरकाठी नांदणाऱ्या.

पण एकाच जातीचा रस दोन ठिकाणी किती वेगळा वागतो! आमच्याकडे फेब्रुवारीत दुपारचं ऊन चढायला लागलं की शेनिनमधली साखर धावत सुटते आणि आम्ल घसरत जातं. आज साखर २१ ब्रिक्स लागली म्हणून खुडा दोन दिवसांवर ढकलावा, तर तोवर रस पांचट झालेला. मग टाकीत टार्टारिक आम्ल घालून तोल सावरायचा. नाशिकमध्ये हे रोजचं काम आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. वूव्रेच्या प्रयोगशाळेत मी ऑक्टोबरातल्या रसाची तपासणी करत होते. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडते आहे, रंग काही बदलेना. लिटरला नऊ ग्रॅमच्या वर आम्ल! मला वाटलं द्रावणच बिघडलंय. शेजारचा पोरगा न बघताच म्हणाला, बरोबर आहे, लिहून टाक.

त्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची अडचण उलटी. आम्ल भरपूर, साखर कमी. त्यासाठी थंड वर्षी रसात साखर घालायची परवानगी असते. नेपोलियनच्या काळातला रसायनशास्त्रज्ञ आणि मंत्री शाप्ताल यानं या युक्तीचा पुरस्कार केला आणि तिला त्याचंच नाव चिकटलं. तापमान चढत चाललंय तशी अलीकडे तिची गरजही कमी पडू लागली आहे, आणि म्हातारे बागाईतदार हे सांगताना खूश दिसत नाहीत.

आमटीत चिंच कमी पडली की नुसता गूळ जिभेवर चिकटून राहतो, तसंच वाइनचं होतं. गोडी आंबटपणाच्या आधारावर उभी असते. शेनिनमध्ये हा आधार इतका भक्कम असतो की तिच्यातून खडखडीत कोरडी वाइन होते, बुडबुड्यांची होते, मधासारखी गोड होते आणि ती गोड वाइन पन्नास-पन्नास वर्षं टिकते. दुसरी कुठली एक जात हे सगळं करू शकत असेल तर ती जर्मनीची रीसलिंग. तिसरं नाव पटकन सुचत नाही.

३. काय बनवायचं हे वर्षाला विचारा

तूरच्या पूर्वेला, नदीच्या उत्तर काठावर वूव्रे आहे. काठाला उंच कडा, मऊ पिवळसर पांढऱ्या चुनखडीचा. या दगडाला ते तुफो म्हणतात. या खोऱ्यातल्या नावाजलेल्या राजवाड्यांना तो लागला, आणि दगड काढल्यावर कड्यात जी पोकळी उरली ती वाइनवाल्यांनी घेतली. काही पोकळ्यांत लोक घर करून राहतात, दाराशी कुंड्या, वर कड्यातून बाहेर आलेलं धुराडं. आत बाराही महिने बारा अंशांच्या आसपास तापमान. माझ्यासारख्या बाईला, जिचं निम्मं डोकं चिलरच्या वीजबिलात अडकलेलं असतं, ते बघून हेवा वाटायचा.

मी जिथे काम केलं त्या घरची बाग कड्याच्या वरच्या पठारावर होती. खुड्याच्या सकाळी मालक, सत्तरीकडे झुकलेला माणूस, ओळीच्या तोंडाशी उभा राहून हातात घड धरून दाखवायचा. आज हा, हा नाही. सप्टेंबरात जो काढायचा तो हिरवट, मणी कडक, दाताखाली कचकन फुटणारा. तो बुडबुड्यांच्या वाइनला. दोन-तीन आठवड्यांनी त्याच ओळीत परत यायचं. आता दक्षिणेकडच्या अंगाला घड सोनेरी झालेले, साल पातळ, बी चावली तर तपकिरी आणि कुरकुरीत. हा कोरड्या वाइनला. मग थांबायचं. पाऊस आला नाही तर ऑक्टोबराच्या अखेरीस, कधी नोव्हेंबरात, तिसरी फेरी. तेव्हा मण्यांवर सुरकुत्या, काही जांभळट पडलेले, हात नुसते चिकट. त्यातून गोड वाइन. एका घडाचा अर्धा भाग बादलीत आणि अर्धा वेलीवर, असंही करायला लावायचा. माझ्या शेजारच्या ओळीत एक आजीबाई असायच्या, गावातल्याच. त्यांचा हात कात्रीसकट घडाच्या मागून फिरायचा आणि न बघता नेमका नासका मणी खाली पडायचा. आमच्या विरळणीच्या बाया आठवल्या.

यातली गंमत अशी की तिसरी फेरी होईलच याची शाश्वती नाही. पावसाळी, थंड वर्षी सगळा माल बुडबुड्यांच्या वाइनला जातो. तसंही वूव्रेचा निम्म्याच्या आसपास माल आज त्याच वाटेनं जातो. १९४७, १९८९, १९९० ही वर्षं गोड वाइनसाठी अजून नावानं घेतली जातात. मालकाला मी विचारलं होतं, यंदा काय करायचं ठरवलंय? तो म्हणाला, “अजून मला सांगितलेलं नाही.” कोणी ते विचारायची गरज नव्हती, तो आभाळाकडे बघत होता.

१९८९ ची एक बाटली त्यांनी शेवटच्या दिवशी उघडली. रंग जुन्या पितळेसारखा. वास मधाचा, वाळलेल्या जर्दाळूचा आणि चक्क ओल्या लोकरीचा. गोड होती, पण घोट गेल्यावर तोंड स्वच्छ. आम्ल एवढ्या वर्षांत कुठेही गेलेलं नव्हतं.

घेणाऱ्यासाठी एक सूचना. वूव्रेच्या बाटलीवर ‘सेक’ म्हणजे कोरडी, ‘दमी-सेक’ म्हणजे मध्यम, ‘मोअलो’ म्हणजे गोड, लिटरला १२ ते ४५ ग्रॅम साखरेची, आणि त्याच्या वर ‘दू’. पण आंबटपणामुळे दमी-सेकसुद्धा जिभेला फारशी गोड लागत नाही. आपल्या जेवणाबरोबर, विशेषतः आलं-मिरचीच्या तिखटाबरोबर, मी दमी-सेकच सुचवते. कोरडी वाइन तिखटाला भडकवते, दमी-सेक त्याला कशी सांभाळते ते एकदा बघाच.

वूव्रेचा विषय निघाला की गास्तों ह्यूए या माणसाचं नाव कोणी ना कोणी घेतंच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत वर्षं काढून आलेला हा बागाईतदार पुढे कित्येक वर्षं गावचा महापौर होता. पॅरिसहून तूरकडे वेगवान टीजीव्ही रेल्वे आखली गेली ती बागांतून जाणार होती. हा माणूस अडून बसला, आणि अखेर रूळ बागांच्या खालून, बोगद्यातून गेले. समृद्धी महामार्गाच्या काळात शेतजमिनींची मोजणी पाहिलेल्या कुणालाही या गोष्टीत रस वाटेल.

४. कूज दिसली की ओरडू नका

आंजे शहराच्या दक्षिणेला लेयों नावाची छोटी नदी लोआरला येऊन मिळते. शरदात सकाळी तिच्यावर धुकं बसतं, दुपारी ऊन पडतं. या ओल-उन्हाच्या खेळात बोट्रायटिस बुरशी शेनिनच्या मण्यावर धरते, सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, वास सगळं आटून घट्ट होतं. हीच बुरशी सलग पावसात आली तर घड नुसता सडतो. फरक फक्त दुपारच्या उन्हाचा.

कार द शोम हा तिथला सर्वांत मानाचा टापू, २०११ पासून ‘ग्रां क्रू’. नियमानं हेक्टरी २० हेक्टोलिटरच्या वर वाइन काढता येत नाही. मी हे फोनवर माझ्या वडिलांना, अण्णांना सांगितलं. ते हिशेब करत गप्प झाले. मग म्हणाले, “एकरी आठशे लिटर? आणि ती पण कुजलेल्या मालाची? पोरी, तुला नीट ऐकू आलंय ना?” केसाळ राखाडी मण्यांचा फोटो पाठवला, तर उत्तर आलं की भावकीत कुणाला दाखवू नकोस.

५. वेलीला झोप लागते, आणि जाग येताना ती सगळ्यांत नाजूक असते

आमच्याकडे द्राक्षवेल कधी झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून पेस्ट. झाडाला आपण वेळापत्रक देतो. लोआरमध्ये नोव्हेंबरात पानं गळतात आणि मार्चपर्यंत बाग म्हणजे काळे खुंट. छाटणी एकच, हिवाळ्यात, हातमोजे घालून. शेकोटीला काड्या जाळायच्या, त्यावर मांस भाजायचं. काम निवांत वाटतं, पण प्रत्येक काडीवर किती डोळे ठेवायचे यावर पुढचं वर्ष ठरतं.

खरी धाकधूक एप्रिलात. मार्च उबदार गेला की डोळे लवकर फुटतात, आणि मग एखाद्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली दोन अंश गेला की कोवळे फुटवे सकाळी उन्हात काळे. १९९१ चा एप्रिल तिथे आजही शिवीसारखा उच्चारतात. २०१६ आणि २०२१ ही त्यातली अलीकडची. रात्री बागेत मेणाचे डबे पेटवतात, उंच खांबांवरचे पंखे फिरवून वरची जरा उबदार हवा खाली ढकलतात, कुठे तुषार सिंचनानं फुटव्यांवर बर्फाचं कवच चढवतात. पाणी गोठताना जी उष्णता सोडतं तीच फुटवा वाचवते. ११ ते १३ मे हे तिथल्या पंचांगातले ‘बर्फाचे संत’. ते उलटल्याशिवाय कोणी मोकळा श्वास घेत नाही.

गारपिटीपुढे मात्र काहीच चालत नाही, ना तिथे ना इथे. १७ जून २०१३ ला वूव्रेवर गारा पडल्या आणि मोठा भाग झोडपून गेल्या. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या महाराष्ट्रात गारपीट झाली. वूव्रेच्या त्या घरी जेवणाच्या टेबलावर मी आमच्या बागेचे मोबाइलवरचे फोटो दाखवले, त्यांनी त्यांचे काढले. त्या संध्याकाळी भाषेचं फारसं अडलं नाही.

६. मातीच्या गोष्टी ऐका, सगळ्या मानू नका

सांसेरला गेलात तर तीन जमिनी दाखवतील: शिंपल्यांचे जीवाश्म असलेली पांढरी चुनखडीची माती, गोट्यांची चुनखडी, आणि गारगोटी. गारगोटीवरच्या वाइनला ठिणगीचा वास येतो म्हणतात. साव्हेन्येरला पाटीच्या दगडासारखा थरांचा खडक, तिथली शेनिन कडक, आखडलेली, दहा वर्षं तोंड न उघडणारी. फरक आहेत, डोळे बांधून दिलं तरी कळतात. पण मुळं दगडाची चव शोषून मण्यात आणून ठेवतात, हे मला कोणी पटवू शकलेलं नाही. जमीन पाणी किती धरते, किती लवकर तापते, वेलीला किती तंगवते, यावर मणी लहान होतो, उशिरा पिकतो, आम्ल टिकवतो. माझ्या मते फरकाचा मोठा वाटा तिथून येतो.

साव्हेन्येरमध्येच कूले द सेरां ही सातेक हेक्टरची बाग आहे, बाराव्या शतकात साधूंनी लावलेली, जिला स्वतःचं स्वतंत्र भौगोलिक नामांकन आहे. तिथले निकोला जोली १९८० च्या दशकापासून बायोडायनॅमिक शेतीचे मोठे प्रचारक. गायीच्या शिंगात शेण भरून पुरायचं, चंद्राच्या कलांप्रमाणे कामं करायची. आपल्याकडे हे ऐकून कोणी दचकत नाही, उलट आमचे एक चुलते म्हणाले की बघ, शेवटी आलेच ना आपल्याकडे. मला वाइन आवडली. शिंगाबद्दल माझं मत राखून ठेवते. जो माणूस रोज एवढ्या बारकाईनं बागेत फिरतो, त्याची द्राक्षं चांगली निघणारच.

७. कॅबर्ने फ्रां थोडी थंड करून प्या

शिनों, बुर्गय, सोम्यूर-शांपिन्यी इथली लाल वाइन या जातीची. स्थानिक लोक तिला ब्रेतों म्हणतात. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी डीएनएवरून दाखवून दिलं की जगभर मिरवणारी कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांची संतती. लोआरवाले हे सांगतात ते मुलगा अमेरिकेत सेटल झालेल्या आईबापांच्या सुरात.

कच्ची राहिली तर हिला ढोबळ्या मिरचीचा वास येतो. पायराझिन नावाची संयुगं त्याला कारण, आणि ऊन लागलं की ती कमी होतात, म्हणून घडाभोवतीची पानं काढतात. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीवरची शिनों हलकी, लवकर प्यायची. तुफोच्या उतारावरची जास्त टिकणारी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा नियम थंड दगडी घरांतला आहे. नाशिक-पुण्याच्या मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे वाइनची कढी. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, पंधरा अंशांच्या आसपास प्या.

८. म्युस्कादेला गरीब समजू नका

नांतच्या भोवतीच्या या वाइनचं द्राक्ष मेलों द बुर्गोन्य, म्हणजे मुळात पूर्व फ्रान्सचं पाहुणं. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांना ब्रँडी गाळायला स्वस्त पांढरी वाइन हवी होती, त्यातून इथल्या लागवडी वाढल्या. १७०९ चा हिवाळा एवढा कडक पडला की बागाच्या बागा मेल्या. थंडी सोसणारं मेलों टिकलं आणि तेच पसरलं.

या द्राक्षाला स्वतःचा फारसा वास नाही. म्हणून वाइन हिवाळाभर मेलेल्या यीस्टच्या गाळावरच ठेवतात आणि तिथूनच थेट बाटलीत भरतात. लेबलावर ‘स्यूर ली’ लिहिलेलं दिसेल. गाळामुळे अंगाला जरा भरीवपणा येतो, पावाच्या कवचाचा वास येतो, जिभेला बारीक चुणचुण जाणवते. क्लिसों आणि गोर्ज या गावांच्या खास वाइन तर दोन-दोन वर्षं गाळावर ठेवतात. क्लिसों ग्रॅनाइटवर, गोर्ज गॅब्रोवर. किंमत मात्र बुर्गोन्यच्या साध्या वाइनपेक्षाही कमी. तिथे कालवांबरोबर घेतात. मी एकदा मालवणी मैत्रिणीकडे तिसऱ्यांबरोबर दिली. तिचे वडील, जे वाइनला औषध म्हणतात, दुसरा पेला मागते झाले.

९. सांसेर घ्या, पण नावाचे पैसे किती ते बघून

फिलोक्सेरा ही कीड येण्याआधी सांसेरमध्ये मुख्यतः लाल द्राक्षं होती, पिनो न्वार आणि गामे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किडीनं बागा संपवल्यावर अमेरिकी खुंटावर कलमं करून नवी लागवड झाली तेव्हा सोव्हिन्यों ब्लां पुढे आली. म्हणजे आजची ‘परंपरा’ फार जुनी नाही. चांगली सांसेर धारदार, लिंबाच्या सालीसारखी, आणि शाविन्योलच्या बकरीच्या चीजबरोबर तिला तोड नाही. आंबट चीजला आंबट वाइन लागते. पण नावामुळे भाव चढलेत. पैलतीरावरची पुयी-फ्युमे, किंवा शेजारची मनतू-सालों, त्याच द्राक्षाची, पाहून घ्या.

पुयीत अजून एक गोष्ट मला फार जवळची वाटली. तिथे शासला नावाच्या द्राक्षाची थोडी लागवड उरली आहे. एके काळी हीच द्राक्षं खायला म्हणून पॅरिसच्या बाजारात जायची. आता त्यांची साधी, हलकी वाइन करतात. निफाडच्या मुलीनं ती प्यायली नाही असं कसं होईल?

१०. कानाकोपऱ्यातल्या जातींसाठी वाट वाकडी करा

ब्लुआजवळ कूर-शव्हेर्नी इथे रोमोरांतें नावाची पांढरी जात आहे. या गावाच्या नामांकनात फक्त तीच चालते. राजा पहिल्या फ्रान्स्वानं सोळाव्या शतकात बुर्गोन्यहून आणवली असं सांगतात. आंबट म्हणजे काय ते कळायला ही प्या. पिनो दोनिस ही लाल जातही शोधा, हिला मिरीचा वास येतो.

११. फेऱ्यांचा खर्च आधी मुकादमाला विचारा

इकडे परतल्यावर मी वाइनरीत हट्ट धरला की शेनिनचा एक प्लॉट तीन फेऱ्यांत खुडायचा. लोआरची थंडी आणता येणार नाही, मोअलो तर नाहीच नाही, पण पहिली फेरी जानेवारीत, अठरा ब्रिक्सला, आंबट असतानाच बुडबुड्यांच्या वाइनला, दुसरी नेहमीची, तिसरी थोडी, पिकलेली, मिसळायला. रात्रीच खुडायचं, म्हणजे माल गार येतो. पहिल्या फेरीचा रस टाकीत उतरला तेव्हा त्यात आम्ही आम्ल घातलं नाही. पीएच ३.२. तो आकडा मी वहीत लाल पेनानं लिहिला.

अण्णा बघायला आले होते. क्रेटमधला एक मणी तोंडात टाकून त्यांनी तोंड वाकडं केलं. “हे काढायच्या लायकीचं झालंय असं तुला कुणी सांगितलं?” मी म्हटलं, हेच हवंय. ते म्हणाले, मग तीन महिने फवारण्या कशाला केल्या, फेब्रुवारीत पावसात भिजवून काढायचं होतं. पण जाताना एक क्रेट गाडीत घातली, चटणी करायला.

मुकादम मात्र स्पष्ट बोलला. एकाच ओळीत तीनदा बाया घालायच्या तर त्या एकरी काढणीच्या उक्त्या दरानं येणार नाहीत, रोजानं येतील, रात्रपाळीचे वर वेगळे, आणि टेम्पोचं भाडं प्रत्येक खेपेचं. वूव्रेच्या मालकाला हा हिशेब मी मेलवर पाठवला. त्यानं उलट विचारलं, हेडलॅम्प तुम्ही देता की बाया आपापले आणतात, कारण त्याच्याकडे आता ऑगस्टच्या अखेरीसच खुडा सुरू करायची वेळ येऊ लागली आहे आणि दुपारच्या उन्हात माल तापतो. हेडलॅम्प आम्हीच देतो, हे कळवलंय. दर मुकादमाशी अजून तुटायचाय.